ऊन पाण्याचा हिशेब

हिवाळा सुरू झाला की मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एक बातमी ठराविक अंतराने येऊ लागते. स्नानगृहाचे दार बराच वेळ उघडले नाही, घरच्यांनी ते फोडले, आत माणूस निपचित पडलेला आढळला, गॅस गीझर सुरूच होता; पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे. बातमी येथे संपते. गावाचे नाव बदलते, मृताचे वय बदलते. बाकीचा मजकूर जणू खिळे जुळवून तयारच ठेवलेला असावा. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे तो या बातमीतील शेवटच्या वाक्याला, त्यातही ‘अकस्मात’ या शब्दाला. जी गोष्ट दर हिवाळ्यात, त्याच प्रकारच्या यंत्रामुळे, त्याच मापाच्या खोलीत आणि त्याच कारणाने घडते, तिला अकस्मात म्हणणे भाषेच्या दृष्टीने चूक आहे आणि व्यवहाराच्या दृष्टीने फार सोयीचे आहे. ही सोय कोणाची, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. या यंत्राविषयी लेखकाच्या मनात तिटकारा नाही. ज्यांनी तांब्याचा बंब पाहिला आहे त्यांना तो आज दिवाणखान्यात कुंडी म्हणून ठेवण्याजोगा वाटतो. ज्यांनी तो पेटवला आहे त्यांची आठवण निराळी असते. पहाटे उठून राख काढायची, चिपाड-गोवऱ्या घालायच्या, धूर डोळ्यांत घ्यायचा आणि घरातील सर्वांची आंघोळ आटोपल्यावर उरलेल्या कोमट पाण्यात आपले उरकायचे, हे काम कोणी केले हे सांगण्याची आवश्यकता नाही. मराठी घरातील स्त्रीच्या आयुष्यातील दररोजचा तास-दीड तास या बंबाने खाल्ला. नळ फिरवताच ऊन पाणी देणारे यंत्र ही तिच्या दृष्टीने चैन नव्हे, सुटका आहे. म्हणूनच ‘पूर्वीचे बरे होते’ असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत बसण्याची आपली तयारी नाही. मात्र पूर्वीच्या न्हाणीघराला वर मोकळी फट असे, दार अर्धे असे, आणि बंब पुष्कळदा बाहेर पडवीतच असे. धुराला वाट लागते हे तेव्हा कोणाला शिकवावे लागत नव्हते, कारण धूर दिसत होता.

गॅसवर तत्काळ पाणी तापवण्याची कल्पना नवी नाही. लंडनमधील बेंजामिन वॉडी मॉन या गृहस्थाने १८६८ साली असे यंत्र काढले आणि आइसलंडमधील उष्ण पाण्याच्या झऱ्यांवरून त्याला ‘गीझर’ हे नाव दिले. त्या पहिल्या यंत्राला जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडेच नव्हते. पुढे जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅसवरील स्नानगृह-तापकाला शास्त्रीय रूप दिले. (विमानबांधणीसाठी प्रसिद्ध झालेले युंकर्स ते हेच.) तेव्हापासून धुराड्याचा धडा जगाने शिकला, आणि आपण आपल्या बाजारात मॉनसाहेबांच्या धुराडेविरहित अवस्थेकडे परत आलो. दुकानात मिळणारी स्वस्त डबी आजही बहुधा धुराड्याशिवायच भिंतीवर चढते.

यंत्राची रचना साधी आहे. नळ उघडला की पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकतो, त्यामुळे गॅसची झडप उघडते, विजेरीत घालतात तसल्या दोन सेलवर ठिणगी पडते आणि तांब्याच्या वेटोळ्याखाली ज्वाळांची रांग पेटते. टाकी नाही, त्यामुळे वाट पाहणे नाही. घराघरांतील अनुभव विचारले तर तक्रारी ऐकू येतात त्या वेगळ्याच. वरच्या मजल्यावर गच्चीवरील टाकी जवळ असल्यामुळे दाब पुरत नाही आणि गीझर पेटत नाही. टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी असेल तर दोन-तीन वर्षांत वेटोळ्यात क्षार बसतात. सेल नेमके पाहुण्यांच्या वेळी संपतात. ज्योत निळी असायची ती पिवळी दिसू लागते आणि भांड्याच्या बुडासारखी काजळी धरते. शेवटची तक्रार सर्वांत महत्त्वाची असून तीच सर्वांत कमी वेळा केली जाते. कारण पाणी तर तापतच असते! काजळीने वेटोळ्याच्या पात्यांमधील वाट बुजली की जळणाला हवा अपुरी पडते आणि विषारी वायूचे प्रमाण वाढते, हे सांगणारा माणूस त्या घरात कधी आलेलाच नसतो.

आता थोडे अंकगणित करू. आयुष्यभर विद्यार्थ्यांना आकडेमोड करावयास लावल्यावर ती सवय जात नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर नेणारा गीझर मिनिटाला साधारण सतरा ग्रॅम, म्हणजे तासाला एक किलोच्या आसपास गॅस जाळतो. एक किलो एलपीजी पूर्णपणे जळण्यास सुमारे तेरा घनमीटर हवा लागते. चार फूट बाय सहा फूट, आठ फूट उंचीच्या स्नानगृहात सगळी मिळून साडेपाच घनमीटरही हवा नसते. दारा-खिडकीच्या फटी कडेकोट बंद असल्या तर पंचवीस मिनिटांत खोलीतील सारी हवा त्या डबीच्या हिशेबी जमा होईल. वीस लिटरच्या चार बादल्या भरावयास तेरा-चौदा मिनिटे लागतात. म्हणजे घरातील चौथ्या माणसाच्या वाट्याला जी हवा येते तिच्यातील निम्मी आधीच ज्वाळेतून गेलेली असते. प्रत्यक्षात फटींतून काही हवा येत राहते म्हणून बहुसंख्य लोक बहुसंख्य दिवशी जिवंत बाहेर येतात. परंतु थंडीत झडपांना काचा लावल्या, डासांसाठी पंख्याच्या भोकात पुठ्ठा बसवला, की ही फटींची कृपाही आटते. प्राणवायू थोडासा कमी झाला तरी जळण अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. येथे एक गैरसमज जीवघेणा ठरतो. सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम दुर्गंधी घातलेली असते, त्यामुळे गळती असेल तर वास येईलच अशी आपली खात्री असते. गळतीपुरती ती खरी आहे. पण न्हाणीघरातील माणूस गळतीने मरत नाही; व्यवस्थित जोडलेल्या, न गळणाऱ्या गॅसच्या अपुऱ्या ज्वलनाने मरतो. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगणारा हा वायू आधी डोके जड करतो, मग पायातील बळ काढून घेतो. कडी हाताशी असूनही ती काढता येत नाही. वाचलेल्यांपैकी काहींना झटके येतात, आणि गीझरचा उल्लेख कोणीच न केल्यामुळे अपस्मारावरची औषधे चालू झाल्याची उदाहरणे मज्जाविकारतज्ज्ञांनी नोंदवली आहेत; त्यांच्या लिखाणात या प्रकाराला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावही पडले आहे. कोरोनाच्या साथीनंतर घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर येथे कामाचा नाही. कार्बन मोनॉक्साइडने भारलेले रक्त आणि प्राणवायूने भारलेले रक्त यांतील फरक त्याला कळत नाही, तो खुशाल अठ्ठ्याण्णव दाखवतो. अशा माणसाला मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांनी विचारण्यापूर्वीच ‘न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे’ हे सांगावे.

हे सगळे माहीत असते तर लोकांनी हे यंत्र घेतले असते का? मध्यमवर्गीय वाचक येथे लगेच ‘लोकांचे अज्ञान’ म्हणून सुस्कारा टाकतो. मला हे उत्तर पटत नाही. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण आणि निमशहरी भागाने भारनियमनाचा जो जाच सोसला, त्यात सकाळच्या वेळी विजेच्या गीझरचा उपयोग शून्य होता. गॅसवर तापणारे पाणी हा तेव्हा चोखंदळपणा नव्हता, दुसरा मार्गच नव्हता. भारनियमन ओसरल्यावर विजेच्या वाढत्या टप्प्यांचे दर उभे राहिले. जितके युनिट अधिक तितका प्रत्येक युनिटचा दर चढा. वर दिलेल्याच हिशेबाने १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे अडीचशे बादल्या तापतात. सिलिंडर नऊशे रुपयांचा धरला तर बादलीला साडेतीन रुपये पडतात. विजेवर त्याच बादलीला साठवणुकीतील घट धरून पाऊण युनिटाच्या आत वीज लागते. युनिटला आठ-दहा रुपये धरले तर पाच-सहा रुपये. बादलीमागे दोन रुपये, चार माणसांच्या घरात महिन्याला दोन-अडीचशे रुपये. ज्याला ही रक्कम क्षुल्लक वाटते त्याने आपल्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाईंना तिची किंमत विचारावी. शिवाय विजेचा मोठा गीझर लावण्यास जाड वायर, स्वतंत्र पॉइंट आणि घरमालकाची परवानगी लागते. भाडेकरू, वसतिगृहाऐवजी खोली करून राहणारे विद्यार्थी, नुकते बिऱ्हाड थाटलेले जोडपे यांना भिंत फोडण्याचा अधिकार नसतो. दोन खिळ्यांवर टांगता येईल आणि घर बदलताना काढून नेता येईल असे यंत्र ते घेतात. ही निवड अडाणीपणाची नाही. दिलेल्या परिस्थितीत ती पूर्णपणे विवेकी आहे, आणि म्हणूनच उपदेशाची पत्रके वाटून ती बदलणार नाही.

मग दोष कोठे आहे? तो विक्रीच्या रचनेत आहे. दुकानदार खोके विकतो. खोक्यातील कागदावर बारीक अक्षरांत ‘हवेशीर जागी बसवावे’ असे छापलेले असते. तो कागद दुकानातच राहतो किंवा माळ्यावर जातो. यंत्र बसवावयास येतो तो नळकाम करणारा. त्याला पाणी गळू नये इतकेच माहीत असते, आणि ते काम तो चोख करतो. स्वयंपाकघरातील शेगडी, नळी आणि रेग्युलेटर यांची विचारपूस करणारा एखादा माणूस गॅस वितरकाकडून तरी कधीमधी येतो. न्हाणीघरातील दुसऱ्या सिलिंडरपाशी कोणी पोहोचत नाही. अशा रीतीने उत्पादकाने बसवणीचा खर्च टाळला, दुकानदाराने सांगण्याचे श्रम टाळले, घरमालकाने नळाची जोडणी बाहेर काढण्याचा खर्च टाळला, आणि या सर्वांनी टाळलेल्या रकमांची बेरीज आत कडी लावून बसलेल्या माणसाच्या श्वासातून वसूल झाली. के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. खर्च नाहीसा होत नाही, तो दुर्बलाच्या खात्यावर ढकलला जातो, हे त्याचे प्रतिपादन नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याला जितके लागू आहे तितकेच या तीन-चार हजारांच्या डबीलाही आहे.

आणि टाळलेला हा खर्च तरी किती मोठा? आमच्या इमारतीत अनेक घरांना स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी आहे. एका शेजाऱ्यांनी गीझर तेथे बसवून ऊन पाण्याची नळी भिंतीतून आत नेली. काही फूट नळी, दोन कोपरे आणि एका दिवसाची मजुरी. त्यांच्याच वरच्या मजल्यावर भाडेकरू राहतात. तेथे गीझर दाराच्या मागे, झडपेपासून सर्वांत लांब आहे. मालकांना सुचवले तेव्हा ‘आधीच्या भाडेकरूला तर काही झाले नाही’ असे उत्तर मिळाले. संभाव्यताशास्त्राचा इतका संक्षिप्त पराभव मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही पाहिला नव्हता.

इतर देशांनी हा प्रश्न व्यक्तीच्या सावधगिरीवर सोडलेला नाही. ब्रिटनमध्ये गॅस सुरक्षेचे १९९८ चे नियम आहेत. ज्याची ज्वाला खोलीच्या हवेपासून पूर्णपणे बंदिस्त आहे आणि जे हवा बाहेरून घेऊन बाहेरच सोडते, असे यंत्र वगळता कोणतेही गॅसचे यंत्र स्नानगृहात बसवण्यास तेथे मनाई आहे. काम करणारा कारागीर नोंदणीकृत असावा लागतो. भाड्याच्या घरातील गॅसच्या यंत्राची वर्षातून एकदा तपासणी करून तिची नोंद भाडेकरूला देणे, ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. हे वाचून ‘तो श्रीमंत देश आहे’ असे कोणी म्हणेल, म्हणून जपानची गोष्टही सांगितली पाहिजे. श्रीमंतीने आपोआप काही होत नाही हे तिच्यातून दिसते. तेथे पालोमा या नामांकित कंपनीच्या तत्काळ-तापकांमुळे १९८५ ते २००५ या काळात एकवीस माणसे दगावली. यंत्र दोषामुळे पेटेना, तेव्हा दुरुस्तीवाले सुरक्षेची जोडणी वगळून तारा थेट जोडून देत. मग वायू बाहेर फेकणारा पंखा बंद असतानाही ज्वाला पेटे. वीस वर्षे प्रत्येक मृत्यू सुटा सुटा, आपापल्या गावचा अपघात म्हणून नोंदला गेला. २००६ साली सरकारने ते एकत्र मांडले तेव्हा त्यांतील सूत्र दिसले. पुढे २०१० मध्ये टोकियोच्या न्यायालयाने कंपनीच्या माजी अध्यक्षालाच मनुष्यवधास कारणीभूत हलगर्जीपणाबद्दल दोषी ठरवले. शिक्षा स्थगित झाली हे खरे. परंतु दोष नळकाम करणाऱ्यापाशी थांबला नाही.

आपल्याकडे कायदे अगदीच नाहीत असे नाही. एलपीजीवर चालणाऱ्या छोट्या घरगुती गीझरसाठी आय. एस. १५५५८ हे भारतीय मानक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूबद्दल उत्पादकाचे उत्तरदायित्व प्रथमच स्वतंत्र प्रकरणात मांडले, आणि त्याच कायद्याखाली २०२० साली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचा अधिकार आहे. परंतु अधिकार वापरण्यासाठी आधी मृत्यू मोजावे लागतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे कलम १९४, दोन्हीखाली पोलीस ठाण्यात होणारी नोंद त्या ठाण्याच्या दप्तरात बंद होते. यंत्र कोणत्या बनावटीचे, धुराडे होते काय, कोणी बसवले, घर भाड्याचे होते की मालकीचे, हे चार प्रश्न पंचनाम्यात सक्तीने विचारले आणि जिल्हावार एकत्र केले, तर जपानला जे वीस वर्षांनी दिसले ते आपल्याला दोन हिवाळ्यांत दिसेल. यासाठी नवे खाते नको, पैसाही फारसा नको.

‘यातून पुन्हा इन्स्पेक्टर-राज येईल’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. तपासनीस लाच घेऊन कागद देईल ही शक्यता आपल्या अनुभवाबाहेरची नाही. म्हणून पहिला भार तपासनिसावर न टाकता विक्रीवर टाकावा असे मला वाटते. गीझरची किंमत बसवणीसह आकारली जावी, बसवणारा उत्पादकाने प्रशिक्षित केलेला असावा, तो यंत्र न्हाणीघराच्या बाहेरच बसवील आणि त्याची सही असलेल्या कागदावाचून विक्री पूर्ण झाली असे मानले जाऊ नये. किंमत हजार-दीड हजाराने वाढेल. ती वाढ गरिबाला परवडणार नाही, असे जे म्हणतील त्यांच्या कळवळ्याचा मी आदर करतो; पण उपाय स्वस्त आणि घातक यंत्र नसून बसवणीला अनुदान हा आहे. सौर तापकाचा मार्ग अर्थातच अधिक चांगला. मात्र उंच इमारतीत गच्ची सर्वांना पुरत नाही आणि ढगाळ सकाळी प्रश्न उरतोच.

भाड्याच्या घरांबाबत तर शासनाच्या हाती तयार साधन आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या त्या करारांना पुष्कळदा एक परिशिष्ट जोडलेले असते. त्यात पंखे किती, ट्यूबलाइट किती, पडद्याचे दांडे किती आणि गीझर एक, अशी यादी असते. जाताना भाडेकरूने काही नेऊ नये म्हणून ती काळजीपूर्वक केलेली असते. त्याच यादीत गीझर गॅसचा असल्यास तो न्हाणीघराच्या आत आहे की बाहेर, आणि मागील बारा महिन्यांत तो कोणी व कोणत्या तारखेला तपासला, हे दोन रकाने वाढवावेत, आणि ते रिकामे असतील तर नोंदणी अडावी. नोंदणी व मुद्रांक विभागाला एवढा बदल येत्या हिवाळ्यापूर्वी करता येण्याजोगा आहे.